पोस्टग्रेसमध्ये टेबलाच्या परवानगीसाठी अर्ज : पात्रता आणि आवश्यक माहिती

पोस्टग्रेस्क्यूएल (पोस्टग्रेस) या डेटाबेस प्रणालीच्या सर्व्हरवर ‘परमिशन डिनाइड’ (परवानगी नाकारली) हा संदेश दिसला की पुष्कळ जण डेटाबेस प्रशासकाला ‘सर्व अधिकार द्यावेत’ एवढेच कळवतात. असा अर्ज परत येतो आणि तो परत येणेच योग्य आहे.

अधिकार देण्यास टेबलाचा मालक असलेला रोल (ज्याच्या नावे अधिकार नोंदले जातात ते डेटाबेसातील खाते), सुपरयूजर (सर्व अधिकार असलेला रोल), किंवा तो अधिकार ‘विथ ग्रँट ऑप्शन’सह, म्हणजे पुढे इतरांना देण्याच्या मुभेसह, मिळालेला रोल पात्र असतो. मागणाऱ्याजवळ स्वतःच्या नावाचा लॉगिन असावा. सगळ्यांनी मिळून वापरलेल्या लॉगिनला दिलेला अधिकार नेमका कोणी वापरला, हे पुढे सांगता येत नाही. 2005 सालच्या 8.1 आवृत्तीपासून यूजर आणि रोल वेगळे राहिलेले नाहीत : लॉगिनची मुभा असलेला रोल म्हणजेच यूजर.

अर्जासोबत डेटाबेस, स्कीमा (टेबले ज्यात ठेवतात तो डेटाबेसातील विभाग) व टेबल यांची नावे, हवी असलेली क्रिया (वाचणे, भरणे, बदलणे), मुदत, वरिष्ठांची मान्यता आणि त्रुटीचा संदेश जसाच्या तसा जोडावा. संदेशाचा क्रमांक 42501 असेल तर प्रश्न अधिकाराचाच आहे. पण मुळात जोडणीच नाकारली जात असेल, तर पासवर्ड किंवा ‘पीजी एचबीए’ फाइलमधील (कोणाला कोठून जोडणी करता येईल हे ठरवणाऱ्या सर्व्हरवरील फाइलमधील) नोंद तपासावी लागते आणि त्यासाठी आपल्या संगणकाचा आयपी पत्ता कळवावा लागतो.

मंजुरीनंतरही अडचण राहिली, तर नव्याने आलेला संदेश शेवटपर्यंत वाचावा. त्यात टेबलाऐवजी स्कीमाचा उल्लेख असेल, तर टेबलावर ‘सिलेक्ट’ (वाचण्याचा अधिकार) मिळूनही स्कीमावरचा ‘यूसेज’ (वापराचा अधिकार) राहून गेलेला असतो, आणि अर्जाच्या पुष्कळ फेऱ्या याच एका विसराळूपणामुळे होतात. सीक्वेन्सचा (ओळीने क्रमांक देणाऱ्या घटकाचा) उल्लेख असेल, तर सिरियल प्रकारच्या, म्हणजे आपोआप क्रमांक भरणाऱ्या, रकान्यासाठी सीक्वेन्सवरही ‘यूसेज’ मागावा. काल चालणारी क्वेरी आज नव्या टेबलावर अडली, तर कारण असे की स्कीमातील ‘ऑल टेबल्स’वरचे ग्रँट (अधिकार देण्याची आज्ञा) त्या क्षणी असलेल्या टेबलांनाच लागू होते, पुढच्या टेबलांसाठी ‘ऑल्टर डिफॉल्ट प्रिव्हिलेजेस’ ही आज्ञा लागते, आणि तीही टेबल तयार करणाऱ्या रोलसाठीच दिलेली असावी लागते. 2022 च्या 15 व्या आवृत्तीपासून नव्या डेटाबेसातील पब्लिक या आधीपासून असणाऱ्या स्कीमात टेबल तयार करण्याची सरसकट मुभा उरलेली नाही, म्हणून तीही अर्जात स्वतंत्रपणे मागावी.