युद्धातली घरगुती पत्रे कोणी जपली?

18 जून 1775 रोजी जॉर्ज वॉशिंग्टन यांनी फिलाडेल्फियाहून पत्नी मार्था यांना पत्र लिहिले. इंग्रजांविरुद्ध उभ्या राहणाऱ्या सैन्याचे सेनापतिपद आपल्याकडे आले आहे, ते आपण मागून घेतलेले नाही, आणि तुला मागे ठेवून जावे लागते याचेच मोठे दुःख आहे, अशा आशयाचा मजकूर त्यात आहे. या दांपत्याचा संसार चाळीस वर्षांचा. त्यातली कितीतरी वर्षे वॉशिंग्टन घराबाहेर होते, तेव्हा पत्रे भरपूर झाली असणार. पतीच्या निधनानंतर मार्था यांनी ती जवळजवळ सगळी जाळून टाकली. 18 जूनचे हे पत्र आणि त्यानंतर पाच दिवसांनी लिहिलेले आणखी एक, ही दोन उरली ती लिहिण्याच्या मेजात राहून गेल्यामुळे. मेज पुढे नातीकडे गेले आणि ती तिच्या हाती लागली.

अमेरिकेच्या युद्धांतली खासगी पत्रे आणि रोजनिश्या आज कुठे कुठे आहेत याचा माग काढू लागले की असे मेज, अशी ट्रंक, असा पोटमाळा वारंवार भेटतो. दफ्तरखाने, विद्यापीठे, सरकारी प्रकल्प ही फार नंतरची गोष्ट. त्याआधी शे-दीडशे वर्षे हे कागद जपले ते घरांनी, आणि घरांमध्येही बहुतेक वेळा बायकांनी. त्यामुळे काय उरले याची यादी वाचताना कोणाला घर होते आणि कोणाला नव्हते, हेही आपण वाचत असतो. मला या सगळ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हेच.

त्याच काळात दुसऱ्या एका घरात जपणूक मुद्दाम ठरवून झाली. पुढे अमेरिकेचे दुसरे अध्यक्ष झालेले जॉन ॲडम्स यांनी 1776 च्या जूनमध्ये पत्नी ॲबिगेल यांना कळवले की आपण पत्रांच्या नकला ठेवण्यासाठी वही घेतली आहे, तूही तसेच कर, कारण माझ्या पत्रांपेक्षा तुझीच पत्रे जपण्याच्या अधिक लायकीची आहेत. ॲबिगेल स्वतः मात्र आपली पत्रे जाळून टाकण्याची विनंती करत. त्यांचे ऐकले गेले नाही हे आपले भाग्य. या दोघांची अकराशेहून अधिक पत्रे आज मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीत आहेत. ही संस्था 1791 मध्ये स्थापन झाली, पण ॲडम्स घराण्याने आपले कागद तिच्या नावे केले ते 1956 मध्ये. म्हणजे पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ हा ठेवा घरच्याच मालकीचा होता.

खरा पूर आला तो अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण भागांत झालेल्या यादवी युद्धात, 1861 ते 1865 या वर्षांत. लाखो माणसे पहिल्यांदाच गाव सोडून बाहेर पडली होती आणि त्यांतल्या बहुतेक गोऱ्या सैनिकांना लिहिता-वाचता येत होते. उत्तरेच्या सैनिकाला तिकीट न लावता पत्र टाकता येई. पाकिटावर ‘सोल्जर्स लेटर’ असे लिहिले की तीन सेंटचे टपाल हशील घरचे लोक भरत. पुढच्या युद्धांत होती तशी सरसकट सेन्सॉरशिप नव्हती, त्यामुळे माणसे मोकळेपणाने लिहीत. भूक, जुलाब, उवा, सेनापतींवरचा राग, शेतातल्या मक्याची चौकशी, सगळे त्यांत आहे. कागदही साथ देणारा होता. चिंध्यांच्या लगद्यापासून केलेला तो कागद दीडशे वर्षांनीही पुष्कळदा मऊ आणि पांढरट राहिलेला दिसतो. ऐंशी वर्षांपूर्वीचा लाकडाच्या लगद्याचा कागद घडीवर तुटतो, हा तर त्याच्या दुप्पट जुना.

या युद्धातले सर्वांत प्रसिद्ध पत्र उत्तरेच्या सैन्यातले अधिकारी सलिव्हन बॅलू यांचे. बुल रनच्या लढाईच्या आठवडाभर आधी त्यांनी ते पत्नी सारा यांना लिहिले, टपालात टाकले नाही, आणि त्या लढाईतल्या जखमांनी ते गेले. 1990 साली दूरचित्रवाणीवरच्या एका माहितीपटात हे पत्र वाचले गेले आणि अमेरिकाभर लोकांच्या डोळ्यांत पाणी आले. आज त्याच्या हाताने उतरवून घेतलेल्या नकला तेवढ्या आहेत. मूळ पत्राचा पत्ता नाही.

युद्ध संपल्यावर सरकारने कागद जपले नाहीत असे नाही. दोन्ही सैन्यांचे हुकूम, अहवाल, तारा यांचे 128 जाड ग्रंथ 1901 पर्यंत छापून झाले. शिपायाने आईला काय लिहिले, याला त्यात जागा नव्हती. तरीही त्याच सरकारच्या दफ्तरात घरगुती पत्रे येऊन पडली, ती एका वेगळ्याच वाटेने. मुलगा मेला तर गरीब आईला महिना आठ डॉलर पेन्शन मिळे, पण मुलगा आपल्याला पोसत होता हे तिला सिद्ध करावे लागे. पुरावा काय? ‘पगारातले पैसे पाठवतो आहे’ असे लिहिलेले त्याचे पत्र. कितीतरी मातांनी आणि विधवांनी जवळ असलेली पत्रे अर्जासोबत जोडून दिली आणि ती फायलींतच राहिली. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ती आजही आहेत. त्या बाईने हातातला शेवटचा कागद देऊन टाकताना काय केले असेल, तो आधी कोणाकडून उतरवून घेतला असेल का, हा विचार ती फाइल वाचताना सुटत नाही.

स्पॉट्सवुड राइस यांचे पत्र याहून विलक्षण रीतीने टिकले. मिझुरीतल्या ग्लासगो गावचे हे गुलाम. 1864 मध्ये ते उत्तरेच्या सैन्यात कृष्णवर्णीय पलटणीत दाखल झाले. मुली अजून मालकांच्याच घरी होत्या. सेंट लुईसच्या लष्करी रुग्णालयातून त्या सप्टेंबरात त्यांनी मुलींना पत्र पाठवले: काळजी करू नका, जीव गेला तरी चालेल पण मी तुम्हाला सोडवून नेणार. मालकीण किटी डिग्ज यांनाही त्यांनी खरमरीत पत्र धाडले. डिग्ज कुटुंबाला हा अपमान इतका झोंबला की दोन्ही पत्रे सेनापती रोझक्रान्स यांच्याकडे तक्रारीसोबत पाठवण्यात आली. लष्कराने ती फाइल केली. ज्या बापाला घर नव्हते, ज्याच्या मुलींना कागद ठेवायला स्वतःचा खण नव्हता, त्याचे शब्द टिकले ते त्याच्याविरुद्ध तक्रार झाली म्हणून. अशी तक्रार न झालेली किती पत्रे गेली असतील, त्याला हिशेब नाही.

दफ्तरखाने घरांपर्यंत पोचू लागले ते विसाव्या शतकात. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात 1930 मध्ये दक्षिणेच्या इतिहासाचा मोठा संग्रह सुरू झाला. त्याचे संस्थापक जे. जी. द रूलाक हॅमिल्टन मोटारीने गावोगाव फिरून घराण्यांच्या पेट्या, बोचकी गोळा करून आणत. त्यांनी वाचवले ते अमोल आहे. पण मोटार थांबायची ती मुख्यतः मोठ्या वाड्यांपुढे, मळेवाल्यांच्या दारात. त्या वाड्यांत राबलेल्या माणसांचा आवाज त्या पेट्यांत असलाच तर मालकाच्या हस्ताक्षरातून येतो.

पहिल्या महायुद्धापासून दोन नवे अडथळे आले. शिपायाचे पत्र आता त्याचाच अधिकारी वाचून पास करू लागला, आणि आघाडीवर रोजनिशी ठेवण्याला मनाई झाली, कारण ती शत्रूच्या हाती लागली तर घात. (याच युद्धात फ्रान्समध्ये लढणाऱ्या भारतीय सैनिकांची पत्रेही तपासली जात. त्यांतले निवडक उतारे इंग्रजीत भाषांतर करून अहवालांत ठेवले गेले आणि ते लंडनला आहेत. त्या माणसांचे स्वतःच्या भाषेतले शब्द त्या अहवालांत नाहीत. अमेरिकी घरांना निदान आपल्या माणसाचे अक्षर तरी पाहता येते.)

मनाई सगळ्यांनीच पाळली असे नाही. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक महासागरातल्या पेलेलिऊ आणि ओकिनावा बेटांवर लढलेले मरीन दलाचे सैनिक यूजीन स्लेज खिशातल्या छोट्या बायबलच्या प्रतीत टिपणे करत राहिले. पुढे अनेक वर्षांनी त्यांनी त्यावरून आठवणी लिहिल्या. आज त्यांचे कागद ऑबर्न विद्यापीठात आहेत.

दुसऱ्या महायुद्धात पत्रांचे ओझे इतके वाढले की जहाजांत दारूगोळ्याला जागा पुरेना. त्यावर जून 1942 मध्ये ‘व्ही-मेल’ आले. ठरावीक छापील कागदावर एका बाजूला लिहायचे, त्याची फिल्म काढायची, फिल्म विमानाने पाठवायची आणि पलीकडे तिचे छोटे छापील फोटो करून वाटायचे. दीड लाख पत्रांना 37 पोती लागत, वजन 2,575 पौंड. फिल्मवर तीच पत्रे 45 पौंडांच्या एका पोत्यात मावत. शंभर कोटींहून अधिक पत्रे या मार्गाने गेली-आली. घरच्या बायकांनी कागदावर ओठ टेकवून पाठवलेल्या लिपस्टिकच्या ठशांनी यंत्रे खराब होत, म्हणून तेवढे करू नका असे सांगावे लागले. फिल्म मुक्कामी नीट पोचली की मूळ कागद नष्ट करत. त्यामुळे आजीच्या पेटीत निघणारे तळहाताएवढे व्ही-मेल हेच मूळ समजायचे. ज्या कागदावर त्या शिपायाचा हात टेकला होता तो कधीच गेला.

सेन्सॉरमुळे ठिकाण लिहिता येत नसे. ऑक्टोबर 1943 च्या अखेरीस ब्रह्मदेशाच्या जंगलात लढण्यासाठी निघालेले सुमारे 3,000 अमेरिकी सैनिक मुंबई बंदरात उतरले. पुढे ‘मेरिल्स मरॉडर्स’ म्हणून गाजलेली हीच तुकडी. काही आठवडे तिचा तळ नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत होता. त्या काळात भारतातून गेलेल्या पत्रांच्या माथ्यावर ‘समव्हेअर इन इंडिया’ एवढेच लिहिलेले असे, मग ती मुंबईहून असोत, देवळालीहून की आसामातून. अशा वेळी उपयोगी पडतो तो पाकिटावरचा लष्करी टपाल कार्यालयाचा क्रमांक. त्यावरून तुकडी त्या तारखेला कुठे होती हे काढता येते. म्हणून संग्रहपाल आज कळवळून सांगतात की पाकिटे टाकू नका. घडी उलगडून ठेवा, रबरबँड आणि टाचण्या काढा, चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको.

सैनिकाने घरी लिहिलेले जपले गेले, घरच्यांनी सैनिकाला लिहिलेले बहुतेक हरवले. खंदकात गठ्ठे कोण बाळगणार? शिवाय वाचून झाल्यावर नष्ट करा असेही सांगितलेले असे. त्या काळच्या बायकांची पत्रे उरलीच नसतील असे अभ्यासकही धरून चालले होते. ज्युडी बॅरेट लिटॉफ आणि डेव्हिड स्मिथ या दोघा इतिहासकारांनी वर्तमानपत्रांतून आवाहन केले, तेव्हा सुमारे 30,000 पत्रे जमली. कारखान्यातली पाळी, रेशनची साखर, मुलाचा पहिला दात, सारे काही.

आणि ज्यांचे घरच हिरावून घेतले होते त्यांचे काय? फेब्रुवारी 1942 च्या अध्यक्षीय आदेशानंतर सुमारे 1,20,000 जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबले गेले. त्यांतले बहुसंख्य अमेरिकेचे नागरिकच होते. हाती धरता येईल तेवढेच सामान नेता आले. सॅन दिएगोच्या ग्रंथालयात क्लारा ब्रीड मुलांचा विभाग पाहत. आपल्याकडे पुस्तकांना येणारी मुले निघाली तेव्हा त्या स्थानकावर गेल्या आणि स्वतःचा पत्ता घातलेली, तिकिटे लावलेली पोस्टकार्डे त्यांनी मुलांच्या हातात ठेवली. मुले आधी सान्ता अनिताच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानात आणि मग ॲरिझोनातल्या पोस्टन छावणीत गेली. तिथून पुस्तकांची मागणी, धुळीच्या वादळांची वर्णने आणि आभार येत राहिले. अडीचशेहून अधिक पत्रे त्यांनी जन्मभर सांभाळली आणि म्हातारपणी त्यांतल्याच एका मुलीच्या, आता प्रौढ झालेल्या बाईंच्या, स्वाधीन केली. तिथून ती लॉस एंजेलिसच्या जपानी अमेरिकन संग्रहालयात गेली. एखाद्या ग्रंथपालाने ग्रंथालयाच्या भिंतींबाहेर केलेले याहून मोठे काम मला ठाऊक नाही.

घरांतल्या या कागदांची किंमत सरकारी दफ्तराच्या आगीनेही दाखवली. 12 जुलै 1973 रोजी सेंट लुईसच्या लष्करी नोंदींच्या इमारतीला आग लागली. एक कोटी साठ लाख ते एक कोटी ऐंशी लाख सेवापुस्तिका गेल्या. 1912 ते 1960 या काळात सेवेतून मुक्त झालेल्या भूदलातल्या माणसांच्या ऐंशी टक्के नोंदी त्यांत होत्या. आजोबा कुठे लढले हे अनेक कुटुंबांना आता कळते ते ट्रंकेतल्या पत्रांवरूनच.

व्हिएतनामच्या युद्धात कागदाला टेपची जोड मिळाली. सैनिक आपला आवाज भरून घरी पाठवत. 1982 मध्ये वॉशिंग्टनला स्मृतिभिंत उभी राहिली आणि लोक तिच्या पायाशी मेलेल्या मित्रांना, मुलांना लिहिलेली पत्रे ठेवू लागले. ती झाडून टाकायची नाहीत, जपायची, असे राष्ट्रीय उद्यान सेवेने ठरवले. वस्तूंसह हा संग्रह आता चार लाखांच्या वर आहे.

पत्रे गोळा करण्याची देशव्यापी हाक मात्र एका तरुणाच्या घराच्या राखेतून आली. डिसेंबर 1989 मध्ये अँड्र्यू कॅरोल हे विद्यार्थी असताना त्यांचे वॉशिंग्टनचे घर जळाले. बाकी सारे पुन्हा घेता येत होते, पत्रे येत नव्हती. विचारपूस करणाऱ्या एका नातलगाने त्यांना 1945 मध्ये बुखेनवाल्डची छळछावणी पाहून लिहिलेले स्वतःचे पत्र पाठवले. कॅरोल परत देऊ लागले तर उत्तर आले, ठेव तूच, मी ते टाकूनच देणार होतो. 11 नोव्हेंबर 1998 रोजी ‘डिअर ॲबी’ या घरोघरी वाचल्या जाणाऱ्या सदरात त्यांचे आवाहन छापून आले आणि काही दिवसांत त्यांच्या टपालपेटीवर पत्रांची रास पडली. 2013 मध्ये हा संग्रह त्यांनी कॅलिफोर्नियातल्या चॅपमन विद्यापीठाला दिला. दरम्यान ऑक्टोबर 2000 मध्ये अमेरिकी संसदेने (काँग्रेसने) कायदा करून तिच्या ग्रंथालयात, लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये, माजी सैनिकांच्या आठवणी जपणारा ‘व्हेटरन्स हिस्टरी प्रोजेक्ट’ सुरू केला. किमान दहा मूळ पत्रे किंवा छायाचित्रे, किंवा वीस पानांची रोजनिशी, किंवा अर्ध्या तासाची मुलाखत असली की साध्या शिपायाच्या नावाने तिथे संग्रह उघडतो. असे लाखाहून अधिक झाले आहेत.

इराक युद्धापर्यंत पत्राची जागा ईमेलने घेतली. 2004 च्या नोव्हेंबरात फलुजा इथे मारल्या गेलेल्या एका तरुण मरीनच्या वडिलांनी मुलाचे ईमेल मागितले. खाते त्याचे एकट्याचे, वारसाला देता येत नाही, असे कंपनीने कळवले. प्रकरण मिशिगनच्या न्यायालयात गेले आणि एप्रिल 2005 मध्ये हुकूम झाल्यावर ते ईमेल वडिलांना एका सीडीवर मिळाले. त्यानंतर दहा-बारा वर्षांतच सीडी घालायची खाच नव्या लॅपटॉपांतून दिसेनाशी झाली.