पाणी निवळलं, पण निर्धोक झालं का?

कोकणात डोंगर फिरणाऱ्याला पाणी दोन रूपांत भेटतं. जुलैत सड्यावरून, म्हणजे कातळाच्या पठारावरून धावत येणारा पऱ्या (ओढा) जांभ्याची माती सोबत आणतो, बाटली भरली की तळ दिसत नाही. मे महिन्यात तोच पऱ्या कोरडा पडतो आणि गडावरच्या टाक्यात उरतं ते शेवाळलेलं, हिरवट पाणी. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पण जांभा सच्छिद्र, उतार तीव्र आणि समुद्र हाकेच्या अंतरावर, त्यामुळे बरंचसं पाणी बघता बघता खाडीला मिळतं. दोन्ही मोसमांत तहान लागली की प्रश्न एकच असतो: हे पाणी प्यायचं कसं?

यावर बहुतेकांना ठाऊक असलेला उपाय म्हणजे कापलेल्या प्लॅस्टिकच्या बाटलीचं गाळणं. बाटली उलटी धरायची, तोंडाशी कापूस, त्यावर कोळशाचा चुरा, मग वाळू, वर खडे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात हे हमखास असतं. वरून लाल पाणी ओतलं की खालून बऱ्यापैकी स्वच्छ पाणी ठिबकतं आणि बघणारे खूश होतात. मुलांनी ते जरूर करावं. पण त्यातून आलेलं पाणी तसंच प्यावं असं कुणी सांगत असेल, तर तिथे थांबायला हवं. हे गाळणं मातीला अडवतं, आजाराला नाही.

कारण आकारात आहे. सुती कापडाची छिद्रं साधारण १०० मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी. कॉलरा किंवा टायफॉइडचे जिवाणू एक-दोन मायक्रॉन लांबीचे. काविळीचा, म्हणजे हेपॅटायटिस ए-चा विषाणू तर ०.०३ मायक्रॉनचा. पागाच्या जाळ्यातून मोहरी जावी तसे हे कापडातून आरपार जातात. बाटलीत घातलेल्या जाडसर वाळूच्या कणांमधली वाटही त्यांना भरपूर मोठी असते.

मग वाळूने पाणी शुद्ध होतं हे सगळं खोटं? मुळीच नाही. १८२९ मध्ये जेम्स सिम्प्सन या इंजिनिअरने लंडनच्या चेल्सी वॉटरवर्क्ससाठी वाळूचं मोठं गाळणं बांधलं. अशा गाळण्याची खरी परीक्षा १८९२ मध्ये जर्मनीत झाली. हॅम्बुर्ग आणि अल्टोना ही एकमेकांना खेटून असलेली शहरं, दोन्ही एल्ब नदीचं पाणी पिणारी. हॅम्बुर्ग शहराच्या वरच्या अंगाला पाणी उचलायचं, पण न गाळता पुरवायचं. अल्टोना खालच्या अंगाला, म्हणजे हॅम्बुर्गचं सांडपाणी मिसळल्यानंतरचं पाणी घ्यायचं, पण वाळूतून सावकाश गाळून. कॉलऱ्याची साथ आली आणि हॅम्बुर्गमध्ये आठ हजारांवर माणसं दगावली. अल्टोना जवळजवळ वाचलं. दोन्ही शहरांची हद्द ज्या रस्त्यावरून जायची, तिथे एका बाजूच्या घरांत कॉलरा आणि समोरच्या घरांत नाही, असं चित्र होतं.

हे घडलं ते वाळूच्या पृष्ठभागावरच्या एका बुळबुळीत थरामुळे. पाणी सतत आणि अगदी हळू, तासाला दहा ते तीस सेंटिमीटर या गतीने झिरपत राहिलं की काही आठवड्यांत वाळूच्या वर जिवाणू, शेवाळ आणि सूक्ष्म प्राण्यांची दाट वस्ती तयार होते. आजाराचे जंतू तिथे अडकतात आणि खाल्लेही जातात. म्हणजे ते गाळणं जिवंत असतं. दहा मिनिटांत रचलेल्या आणि मिनिटभरात रिकाम्या होणाऱ्या बाटलीत हा थर कुठून येणार? वाळू तीच, पण काम वेगळं.

कोळशाबद्दलही थोडं सांगायला हवं. करवंटीच्या कोळशावर कारखान्यात वाफेची प्रक्रिया केली की त्यात असंख्य बारीक छिद्रं उघडतात. अशा एका ग्रॅम कोळशाचा आतला पृष्ठभाग पाचशे ते हजार चौरस मीटर किंवा त्याहूनही जास्त भरतो. त्यावर वास, रंग आणि बरीच सेंद्रिय रसायनं चिकटून बसतात. चुलीतल्या कोळशात ही ताकद फार कमी असते. तो पाण्याचा कुबट वास थोडा घालवेल, जंतू मारणार नाही.

या सगळ्या साधनांत माझा सर्वांत जास्त विश्वास आहे तो जुन्या सुती कापडावर. ते काय करू शकतं आणि काय नाही, हे नेमकं माहीत आहे म्हणून. मे महिन्यात टाक्यातलं पाणी धुतलेल्या पंचाच्या चार घड्यांतून गाळा आणि ती घडी उलगडून उन्हात धरा. हिरवे तंतू दिसतील, डासांच्या अळ्या वळवळताना दिसतील, आणि नीट निरखलं तर टाचणीच्या डोक्याहून लहान, झटके देत हलणारे पांढुरके ठिपके दिसतील. ते सायक्लॉप्स, पाण्यातले सूक्ष्म कवचधारी प्राणी. नारूची अळी याच सायक्लॉप्सच्या पोटातून माणसात जायची. नारू झालेली माणसं, पायातून हळूहळू काडीवर गुंडाळून काढलेला तो लांबलचक जंत, हे महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीने डोळ्यांनी पाहिलं आहे. त्याच्यावर ना लस होती ना औषध. पाणी कापडाने गाळा, पायऱ्यांच्या विहिरीत उतरू नका, अशा साध्या गोष्टी गावोगावी पोचवून भारताने हा रोग संपवला. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये सापडला आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचं प्रमाणपत्र दिलं.

कापडाची दुसरी कामगिरी बांगलादेशातली. मतलब नावाच्या भागातल्या ६५ गावांत रीटा कॉलवेल, अन्वर हक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बायकांना जुन्या साडीच्या घड्यांतून पाणी गाळायला शिकवलं. २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: कॉलऱ्याचं प्रमाण ४८ टक्क्यांनी घटलं होतं. कॉलऱ्याचा जिवाणू कापडातून सहज निसटतो, पण पाण्यात तो बराचसा अशाच सूक्ष्म प्राण्यांच्या अंगाला चिकटून असतो, आणि ते प्राणी मात्र अडकतात. नव्या साडीपेक्षा जुनी साडी सरस ठरली. धुऊन धुऊन धागे पिंजतात, त्यांची लव छिद्रांत पसरते आणि घडी केल्यावर छिद्र २० मायक्रॉनपर्यंत बारीक होतं. आजीच्या मऊ पडलेल्या लुगड्याचा तुकडा पाठपिशवीत ठेवायला इतकं चांगलं कारण आहे. ४८ टक्के म्हणजे निम्मे मात्र. उरलेल्या निम्म्यांसाठी पुढचं काम करावंच लागतं.

पावसाळ्यातल्या लाल पाण्यापुढे कापड हात टेकतं, कारण चिकणमातीचे कण फारच बारीक असतात. दोन मायक्रॉनचा कण स्थिर पाण्यात दहा सेंटिमीटर खाली जायला साधारण आठ तास घेतो. म्हणून रात्री भांडं भरून ठेवायचं आणि सकाळी न हलवता वरचं पाणी काढून घ्यायचं, ही जुनी रीत बरोबरच आहे. मुक्काम असेल तर तेवढं पुरतं. घाई असेल तर तुरटी. मातीच्या कणांवर ऋण भार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलत तरंगत राहतात. तुरटीतून सुटणारं ॲल्युमिनियम धन भाराचं. ते हा दुरावा मोडतं, कण एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके होतात आणि वजनाने खाली बसतात. खडा पाण्यात दोन-चार वेळा फिरवला की पुरे, जास्त झाला तर पाणी तुरट लागतं.

तुरटी नसेल तर कोकणात परसदारी शेवगा असतोच. झाडावर वाळलेल्या शेंगेतलं बी सोलून आतला पांढरा गर कुटायचा, थोड्या पाण्यात कालवून गाळायचा आणि ते दुधाळ पाणी गढूळ पाण्यात मिसळायचं. लिटरमागे एक-दोन बिया. आधी जोरात, मग दहा मिनिटं सावकाश ढवळायचं आणि तास-दोन तास हात लावायचा नाही. बियांतली प्रथिनं धन भाराची असतात, म्हणून ती तुरटीचंच काम करतात आणि पुंजक्यांबरोबर बरेचसे जिवाणूही तळाशी नेतात. मात्र बियांतला सेंद्रिय अंश पाण्यात राहतो आणि उरलेल्या जंतूंना तेच खाद्य होतं, म्हणून हे पाणी साठवायचं नाही.

सुश्रुतसंहितेत गढूळ पाणी निवळण्याच्या सात वस्तू दिल्या आहेत. त्यांत वस्त्र आहे आणि कतक, म्हणजे निर्मळीची बीही आहे. निर्मळीने पाणी निवळतं हे खरं. पण रानात जाऊन ती शोधण्याच्या फंदात पडू नका. तिचा सख्खा भाऊबंद असलेला काजरा कोकणच्या रानात सर्रास आहे, आणि त्याच्या बियांत स्ट्रिक्नीन हे जीवघेणं विष असतं. ओळखीत चूक झाली तर ती सुधारायला वेळ मिळत नाही.

हे सगळं झालं निवळण्याचं. जंतू मारणं हे वेगळं काम आणि ते नंतर करायचं, हा क्रम महत्त्वाचा. सर्वांत खात्रीचा मार्ग उकळणं. खळखळून उकळी आली की एक मिनिट ठेवायचं. खरं तर बहुतेक जंतू ७० अंशांच्या आसपासच मरू लागतात. उकळीचा फायदा एवढाच की ती ओळखायला थर्मामीटर लागत नाही. उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं, म्हणून २००० मीटरच्या वर तीन मिनिटं सांगतात. आपल्या सह्याद्रीत ती अडचण नाही. रायगडाचा माथा ८२० मीटरच्या आसपास, तिथे पाणी सुमारे ९७ अंशांना उकळतं, आणि तेवढं जंतूंना पुरून उरतं.

लाकूडफाटा नसेल आणि ऊन असेल तर पारदर्शक पेट प्लॅस्टिकची बाटली. दोन लिटरपर्यंतची, रंग नसलेली, ओरखडे नसलेली. ती पाऊण भरून जोरात हलवायची म्हणजे हवेतला ऑक्सिजन मिसळतो, मग काठोकाठ भरून कातळावर आडवी ठेवायची. सहा तास कडक ऊन. अतिनील किरणं जंतूंच्या जनुकांवर घाव घालतात, त्यात ऑक्सिजनपासून तयार झालेले तीव्र रेणू भर टाकतात, आणि तापलेल्या कातळावर पाणी ५० अंशांपर्यंत गेलं तर हे काम आणखी वेगाने होतं. बैरुतमध्ये आफ्तिम आक्रा यांनी १९८०च्या सुमारास ही पद्धत पुढे आणली. ढगाळ हवेत सहा तासांऐवजी सलग दोन दिवस लागतात, आणि कोसळत्या पावसात तिचा उपयोग नाही. म्हणजे ही ऑक्टोबर ते मे या काळाची पद्धत. पाणी गढूळ असेल तर किरणं आत पोचतच नाहीत. बाटली वर्तमानपत्रावर उभी ठेवून वरून तळाकडे बघा, खालचा मथळा वाचता आला तरच ते पाणी उन्हात ठेवण्याजोगं.

क्लोरीनचंही असंच. गावात जलसुरक्षक विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतो, घरोघरी मेडिक्लोरच्या, म्हणजे द्रवरूप क्लोरीनच्या बाटल्या वाटल्या जातात. फिरायला जाताना तीच छोटी बाटली किंवा क्लोरीनच्या गोळ्या न्याव्यात, लेबलवरचं प्रमाण पाळावं आणि अर्धा तास थांबावं. गढूळ पाण्यात टाकलं तर क्लोरीन सेंद्रिय कचऱ्यावरच खर्ची पडतं आणि जंतूंच्या वाट्याला उरत नाही. अर्ध्या तासाने पाण्याला क्लोरीनचा हलका वास येत असेल तर काम झालं. फक्त क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी क्लोरीनला दाद देत नाही. गुरं चरतात त्या भागात तो असू शकतो, तिथे उकळणंच बरं.

कोकणात लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या आजाराची धास्ती प्रत्येक भातशेतकऱ्याला असते. त्याचा जिवाणू जेमतेम ०.१ मायक्रॉन जाडीचा आणि स्क्रूसारखा पिळलेला, प्रयोगशाळेतल्या ०.२ मायक्रॉनच्या गाळण्यातूनही वळवळत निघून जातो. उकळीत आणि क्लोरीनमध्ये मात्र मरतो. तो बहुतेक वेळा पायावरच्या जखमेतून शिरतो, त्यामुळे साचलेल्या पाण्यात उतरून बाटली भरण्यापेक्षा काठावरून भरलेली बरी.

एका नव्या प्रयोगाविषयी विचारणा होते म्हणून सांगतो. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या रोहित कर्णिक यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवलं की पाइनच्या डहाळीचा साल काढलेला छोटा तुकडा नळीत घट्ट बसवला तर तो ९९ टक्क्यांहून जास्त जिवाणू अडवतो. कोकणच्या किनाऱ्यावर सुरूची बनं आहेत आणि सुरू दिसायला पाइनसारखाच, तेव्हा तो चालेल असं वाटणं साहजिक आहे. पण सुरू हा पाइनच्या कुळातला नाही, तो सपुष्प वृक्ष आहे. पाइनच्या लाकडात पाणी आखूड पेशींमधून, बारीक पडद्यांच्या छिद्रांतून झिरपत जातं. सपुष्प वृक्षांत त्याला लांब, मोकळ्या नळ्या मिळतात आणि आखूड तुकड्यातून जंतू सरळ पार होतात. आंबा, फणस, बांबू यांनाही हाच नियम.

खारं पाणी आणि कारखान्यांची रसायनं यांच्यापुढे वर सांगितलेला कुठलाही घरगुती उपाय चालत नाही. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार विरघळलेले असतात, आणि ते वाळूत अडकत नाहीत की उकळीने जात नाहीत. औद्योगिक वसाहतीच्या खालच्या अंगाच्या नदीचं पाणी उकळलं तर उलट रसायनांची तीव्रता वाढते. तिथे स्रोतच बदलायचा. किनाऱ्यावरही गोडं पाणी मिळतं. मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्यात, चहूबाजूंनी समुद्र असताना, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरींना गोडं पाणी आहे. पावसाचं पाणी जमिनीत मुरलं की हलकं असल्यामुळे खाऱ्या पाण्यावर तरंगून राहतं. म्हणून किनाऱ्यालगत पाणी शोधताना उथळ खणावं, खोल गेलं की खारं लागतं. डोंगरात वाहत्या किंवा नुकत्याच आटलेल्या पऱ्याच्या काठाशी, पाण्यापासून हात-दोन हात दूर वाळूत खड्डा करून झिरा काढावा आणि पहिलं गढूळ पाणी उपसून टाकावं. मग जे झिरपून येतं ते वाळूतून सावकाश आलेलं असतं, आणि तरीही त्याला उकळी किंवा क्लोरीन लागतंच.

शेवटी बाटली. पऱ्यात बुडवून भरलेल्या बाटलीच्या तोंडाशी, झाकणाच्या आट्यांमध्ये कच्चं पाणी अडकून राहतं, आणि आपण ओठ लावतो ते नेमके तिथेच. क्लोरीन टाकून हलवल्यावर झाकण थोडं सैल करावं, बाटली उलटी करून थोडं पाणी आट्यांवरून वाहू द्यावं, मग झाकण घट्ट लावून अर्धा तास मोजायला सुरुवात करावी. उकळलेलं पाणी कच्च्या पाण्याच्या बाटलीत ओतू नये. त्यासाठी दुसरी बाटली ठेवावी आणि तिच्या गळ्याला ओळखीसाठी दोरा बांधावा.