रेशनकार्ड, तसरीह आणि १९४८ चा पुरावा: लेबनॉनमधल्या पॅलेस्टिनी निर्वासिताची नोंदणी कशी होते

समजा, बैरूतच्या दक्षिणेला बुर्ज अल-बराजने छावणीत आज एक मुलगी जन्मली. तिचे आईवडील लेबनॉनमध्येच जन्मलेले, आजी-आजोबाही बहुधा तिथलेच. तरी तिला लेबनॉनचं नागरिकत्व मिळणार नाही. तिथला १९२५ चा नागरिकत्वाचा कायदा बाप कोण हे बघतो, जन्म कुठं झाला हे नाही. आई लेबनीज असली तरी बाप पॅलेस्टिनी असेल तर मूल पॅलेस्टिनीच. तेव्हा तिच्या घरच्यांना दोन वेगवेगळ्या दारांत जावं लागतं. एक लेबनॉन सरकारचं, दुसरं संयुक्त राष्ट्रांचं. एका दारात नोंद झाली म्हणून दुसऱ्या दारातलं काम आपोआप होत नाही, आणि पुढचे बरेच घोळ इथूनच सुरू होतात.

दुसऱ्या दाराचं नाव यूएनआरडब्ल्यूए. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं ८ डिसेंबर १९४९ रोजी ठराव ३०२ करून पॅलेस्टाईन निर्वासितांसाठी ही संस्था काढली आणि १ मे १९५० पासून तिचं काम सुरू झालं. छावणीत तिला ‘अल-वकाला’ म्हणतात, म्हणजे नुसती ‘एजन्सी’. आपणही तेच म्हणू. जॉर्डन, लेबनॉन, सीरिया, पश्चिम किनारा आणि गाझा या पाच भागांत ती काम करते. मान्यताप्राप्त छावण्या ५८, त्यांतल्या १२ लेबनॉनमध्ये. नोंदलेले निर्वासित सुमारे ५९ लाख, पण त्यांतले साधारण एकतृतीयांशच छावण्यांत राहतात. नोंदणीसाठी छावणीत राहण्याची अट नाही, हे आधी लक्षात घ्यावं.

पात्र कोण?

व्याख्या छोटी आहे, पण तिच्यातला शब्दन् शब्द मोजूनमापून घातलेला आहे. १ जून १९४६ ते १५ मे १९४८ या काळात ज्याचं नेहमीचं राहणं पॅलेस्टाईनमध्ये होतं आणि इस्रायल स्थापन होतानाच्या १९४८ च्या संघर्षात ज्याचं घर आणि उपजीविका दोन्ही गेलं, तो पॅलेस्टाईन निर्वासित. ‘दोन्ही’ या शब्दापाशी अनेक जण अडले. युद्धबंदीची रेषा गावाच्या वेशीवरून गेली, घर अलीकडे राहिलं आणि शेत पलीकडे गेलं, असे सीमेवरचे गावकरी मूळ व्याख्येत बसत नव्हते. त्यांच्यासाठी वेगळं सदर काढलं. त्यांना सेवा मिळतात, पण ‘नोंदणीकृत निर्वासित’ म्हणून त्यांची गणना होत नाही. १९६७ च्या युद्धात विस्थापित झालेले पण १९४८ चे निर्वासित नसलेले लोकही असेच. सेवा मिळते, नोंदणी नाही.

आता वारसांचं. अशा निर्वासित पुरुषांची मुलं, नातवंडं, कायदेशीर दत्तक घेतलेली मुलंसुद्धा, नोंदणीला पात्र असतात. मुलगी मात्र स्वतःपुरतीच पात्र. तिनं निर्वासित नसलेल्या माणसाशी लग्न केलं तर तिची नोंद राहते, पण मुलांना ती वारशानं मिळत नाही. २००६ पासून अशा स्त्रियांच्या नवऱ्याला आणि मुलांना सेवांसाठी नोंदवून घेतात, तेही निर्वासितांच्या आकड्यात न धरता. समतेच्या गोष्टी सांगणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या एका संस्थेच्या वहीत वंश बापाकडूनच चालतो, हे मला आजही खटकतं.

मराठीत या विषयावर काही लिहिलं की एक प्रश्न हमखास येतो: पंच्याहत्तर वर्षांनी नातवंडं निर्वासित कशी? जगात फक्त यांनाच वारशानं निर्वासितपण मिळतं का? तर नाही. निर्वासितांसाठीची संयुक्त राष्ट्रांची दुसरी मोठी संस्था, यूएनएचसीआर, तीही मार्ग निघेपर्यंत कुटुंब एकत्र धरते. अफगाण आणि सोमाली छावण्यांतही मुलं-नातवंडं निर्वासितच आहेत. फरक आहे तो वेगळाच. १९५१ च्या निर्वासित कराराचं कलम १-ड म्हणतं की दुसऱ्या एखाद्या संयुक्त राष्ट्र संस्थेची मदत ज्यांना मिळते, त्यांना हा करार लागू नाही. त्यामुळे या पाच भागांतले पॅलेस्टिनी यूएनएचसीआरच्या कक्षेबाहेर पडतात. तिसऱ्या देशात वसवण्याचं काम एजन्सीकडे नाहीच. तिच्याकडे शाळा, दवाखाना आणि मदत एवढंच.

कागदपत्रं

आपल्या मुलीचं प्रकरण त्यातल्या त्यात सोपं. घराण्याची फाईल आधीपासून आहे, तिचं नाव त्यात चढवायचं आहे. सरकारी जन्मदाखला, आईवडिलांचा विवाहदाखला, त्यांची ओळखपत्रं आणि कुटुंबाचं नोंदणीकार्ड घेऊन छावणीतल्या किंवा विभागातल्या नोंदणी कार्यालयात जायचं. नोंदणीला पैसे लागत नाहीत. लग्न, घटस्फोट, मृत्यू यांचे दाखलेही असेच द्यावे लागतात. मुलाचं लग्न झालं की त्याच्या कुटुंबाचं वेगळं कार्ड निघतं. थोडक्यात, आपल्याकडे रेशनकार्डातून नाव काढणं-घालणं असतं तसं. हे मी उगाच म्हणत नाही. अरबीतही या कार्डाला ‘कर्त अल-मुअन’, म्हणजे शिध्याचं कार्ड, असं म्हणतात. सरसकट शिधावाटप ऐंशीच्या दशकातच थांबलं, नाव राहिलं.

फाईलच नसेल तर मात्र काम अवघड. १९५० च्या आसपास ज्यांनी नोंदणी केली नाही, कोणी लाजेखातर, कोणी बरं चाललं होतं म्हणून, त्यांच्या वारसांना आजही अर्ज करता येतो. पण पुरावा १९४६ ते ४८ मधल्या वास्तव्याचा हवा. ब्रिटिश अमदानीतला पॅलेस्टाईनचा पासपोर्ट किंवा ओळखपत्र, तिथला जन्मदाखला, जमिनीचा दस्त असं काहीतरी. शिवाय त्या पूर्वजापासून आपल्यापर्यंतच्या प्रत्येक पिढीचा जन्म-विवाहाचा दाखला. वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे खेटे घातलेल्या कुणालाही यातली मेख कळेल. मधल्या एका पिढीचा कागद गहाळ झाला की साखळी तुटते. आणि ही माणसं घरातून निघाली तेव्हा पंधरा दिवसांत परत येऊ या हिशेबानं निघाली होती. कपाट उघडून दस्त कोण शोधणार?

कार्डाच्या नोंदीत १९४८ चं मूळ गावही असतं. बुर्ज अल-बराजनेत अनेक घराणी उत्तर पॅलेस्टाईनच्या गॅलिली भागातल्या तर्शीहा, कुवैकात, अल-काब्री या गावांची आहेत. कार्डावर तेच गाव लागतं, बैरूत नाही.

पहिलं दार

आता लेबनॉन सरकारचं. दवाखान्याची किंवा सुईणीची जन्मसूचना घ्यायची, ती मुख्तारकडे न्यायची. मुख्तार म्हणजे वस्तीचा दाखले देणारा अधिकृत माणूस. त्याच्याकडून जन्मदाखला घेऊन सरकारी नोंदणी कार्यालयात आणि पुढं गृहखात्याच्या निर्वासितविषयक संचालनालयात नोंद करायची. मुदत एक वर्षाची. वर्ष उलटलं की प्रकरण कोर्टात जातं आणि वकील, खर्च, तारखा सुरू होतात. निळं ओळखपत्र आणि प्रवासाचा दस्तऐवज मिळतो तो या सरकारी नोंदीच्या जोरावर. एजन्सीचं कार्ड हे ओळखपत्र नाही, पासपोर्ट नाही, नागरिकत्वाचा पुरावाही नाही.

या दोन दारांमुळे लेबनॉनमध्ये पॅलेस्टिनींचे तीन वर्ग पडले आहेत. दोन्हीकडे नोंद असलेले. सरकारकडे नोंद असलेले पण एजन्सीकडे नसलेले. आणि कुठंच नसलेले. तिसऱ्या वर्गाला सगळेच ‘आयडी नसलेले’ म्हणतात. ते काही हजार आहेत. त्यांतले बरेच १९७० नंतर जॉर्डनमधून आलेले आणि त्यांचे वारस. ओळखपत्र नसेल तर शाळेत बसता येतं, पण सरकारी परीक्षेच्या वेळी अडचण येते. छावणीबाहेरच्या तपासणी नाक्यावर अटकेची भीती असते. लग्न नोंदवता येत नाही, म्हणून पुढच्या मुलाचाही दाखला अडतो. बापाचा नसलेला कागद मुलाच्या गळ्यात पडतो.

कार्डानं काय मिळतं

शाळा मिळते. बाकी भागांत एजन्सी प्राथमिक आणि पूर्वमाध्यमिक शाळा चालवते. लेबनॉनमध्ये ती बारावीपर्यंतच्या शाळाही चालवते, कारण तिथं सरकारी शाळांत पॅलेस्टिनी मुलांना जागा मिळणं कठीण. दवाखानाही मिळतो. मोठं दुखणं निघालं तर एजन्सीच्या डॉक्टरची चिठ्ठी घेऊन करार असलेल्या रुग्णालयात जायचं, खर्चाचा काही हिस्सा एजन्सी देते, बाकीचा घरानं. कर्करोग किंवा डायलिसिस निघालं की छावणीत वर्गणी काढावी लागते. गरिबांना मिळणाऱ्या रोख मदतीसाठी वेगळी पाहणी होते. नुसतं कार्ड असून ती मिळत नाही.

घर मात्र मिळत नाही, निदान आपण समजतो तसं. छावणीची जमीन एजन्सीची नाही. यजमान सरकारनं ती बहुतेक ठिकाणी स्थानिक मालकांकडून भाड्यानं घेतलेली आहे. छावणीचा कारभार आणि पोलीसही एजन्सीकडे नाहीत. राहणाऱ्याला वापराचा हक्क, मालकी नाही. छावणीला अरबीत ‘मुखय्यम’ म्हणतात, म्हणजे तंबूंची जागा. तंबू कधीच गेले. हद्द वाढवता येत नाही म्हणून मजल्यावर मजले चढले. गल्ल्या इतक्या अरुंद की दोन माणसं खांदे चोरून जातात. डोक्यावर विजेच्या तारा आणि पाण्याच्या नळ्या एकमेकींत गुंतलेल्या. पावसाळ्यात शॉक लागून माणसं मेली आहेत.

दुरुस्ती करायची म्हटलं तर तसरीह, म्हणजे परवाना. दक्षिण लेबनॉनमधल्या छावण्यांत, सैदाजवळच्या ऐन अल-हिल्वेत किंवा सूरजवळच्या रशीदियेत, सिमेंटचं पोतं, पत्रा, सळई आत न्यायला लष्कराची तसरीह लागते. गळकं छप्पर तसरीह येईपर्यंत गळतं. उत्तरेकडे नहर अल-बारिद २००७ च्या लढाईत उद्ध्वस्त झाली, तिची पुनर्बांधणी अनेक वर्षं हप्त्याहप्त्यानं चालली. छावणीबाहेर फ्लॅट घ्यावा, तर २००१ च्या कायदा २९६ नं तेही दार बंद केलं. ‘मान्यताप्राप्त देशाचं’ नागरिकत्व नसलेल्याच्या नावावर मालमत्ता चढत नाही. कायद्यात पॅलेस्टिनी हा शब्द नाही, पण लागू कोणाला होतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. मग लोक लेबनीज मित्राच्या नावावर घर घेतात आणि त्या मित्राच्या इमानावर झोपतात.

कामाचा परवाना

मुलगी शिकली, समजा नर्स किंवा इंजिनिअर झाली. लेबनॉनमध्ये तिला कामगार मंत्रालयाचा परवाना लागेल. २०१० मध्ये कामगार कायदा दुरुस्त झाला. परवान्याची फी माफ झाली आणि ‘तुमचा देश आमच्या माणसांना काम देतो का’ ही परस्परतेची अटही गेली. देशच नसलेल्याला ती लावणं हास्यास्पदच होतं. पण परवाना हवाच, आणि त्यासाठी मालकाचा करार हवा. परवाना काढला की मालकाला सामाजिक सुरक्षेची वर्गणी भरावी लागते, म्हणून बरेच मालक कागदच करत नाहीत. कामगाराच्या वाट्याला त्या वर्गणीतून नोकरी सुटतानाची रक्कम येते, आजारपणाचा किंवा बाळंतपणाचा लाभ नाही. डॉक्टर, वकील, इंजिनिअर असे सुमारे ३९ व्यवसाय अजूनही बंद आहेत, कारण त्यांच्या संघटनांचं सदस्यत्व लेबनीजांना किंवा परस्परता असलेल्या परदेशीयांनाच मिळतं. २०१९ च्या जुलैत मंत्रालयानं बिनपरवाना परदेशी कामगारांवर कारवाई सुरू केली, तेव्हा छावण्यांतले लोक रस्त्यावर उतरले. इथंच जन्मलेल्यांना परदेशी म्हणून मोजलं, हा त्यांचा राग होता.

हीच मुलगी अम्मानमध्ये जन्मली असती तर बहुधा जॉर्डनची नागरिक असती. अपवाद १९६७ मध्ये गाझातून तिथं गेलेल्यांचा. जेराश छावणीतल्या त्या लोकांकडे जॉर्डनचा तात्पुरता पासपोर्ट असतो, नागरिकत्व नाही. सीरियात १९५६ च्या कायद्यानं नोकरी-धंद्यात जवळजवळ बरोबरीचे हक्क मिळाले होते, पण युद्धात दमास्कसची यारमूक वस्ती ओस पडली आणि तिथले कित्येक लेबनॉनच्या छावण्यांत दुसऱ्यांदा निर्वासित म्हणून आले. त्यांची नोंद सीरियाची, म्हणून लेबनॉनमध्ये राहायला त्यांना वेगळा निवासपरवाना लागतो.

एजन्सीचा कारभार देशांच्या ऐच्छिक देणग्यांवर चालतो, त्यामुळे वर सांगितलेल्या सेवा दरवर्षी तितक्याच मिळतील असं नाही. भारतानं २०१८ मध्ये आपली वार्षिक देणगी साडेबारा लाख डॉलरवरून ५० लाख डॉलर केली. २०२४ च्या जानेवारीत मात्र अनेक मोठ्या देणगीदारांनी पैसे थांबवले होते, आणि इस्रायलच्या संसदेनं ऑक्टोबर २०२४ मध्ये केलेल्या कायद्यांनी एजन्सीचं तिथलं कामच बंद पाडायचं ठरवलं. लेबनॉनमधली कार्डाची प्रक्रिया त्या कायद्यांनी बदलत नाही.

मुलगी मोठी होऊन जर्मनीला गेली तर तिथं शाळा-दवाखाना एजन्सीचा नाही, कारण ती पाच भागांबाहेर काम करत नाही. नोंद मात्र पुसली जात नाही. फाईल बैरूतमध्ये राहते, गावाच्या रकान्यात तर्शीहा लिहिलेलं.