जोर्वे संस्कृती

महाराष्ट्रातील ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे तांबे आणि दगड दोन्ही वापरणाऱ्या शेतकऱ्यांची संस्कृती. काळ सुमारे इ.स.पू. १४०० ते ७००. संगमनेर तालुक्यात प्रवरेकाठी जोर्वे नावाचे गाव आहे. तेथे १९५०–५१ मध्ये पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केले आणि गावाचे नाव संस्कृतीला मिळाले. पुढे नेवासे, चांडोली, दायमाबाद, इनामगाव येथे तिचे थर उघडे पडले. कोकणपट्टी आणि विदर्भाचा काही भाग सोडला, तर आजच्या महाराष्ट्रात ती जवळजवळ सर्वत्र होती.

तिची ओळख पटते ती खापरांवरून. चाकावर घडवलेली, तांबूस-नारिंगी, काळ्या भौमितिक नक्षीची ही भांडी इतकी पक्की भाजलेली असतात की टिचकी मारली तर धातूसारखी वाजतात. तोटीचे भांडे आणि कंगोरेदार वाडगा हे तिचे खास घाट. तांबे होते, पण बेताचेच. रोजच्या कापाकापीला दगडाची बारीक पातीच वापरत.

प्रवराखोऱ्यातील दायमाबाद हे या संस्कृतीचे सर्वांत मोठे ठाणे. सुमारे ३० हेक्टरांवर पसरलेल्या या वस्तीला मातीची तटबंदी होती. जोर्वे लोकांच्या आधी येथे उत्तर हडप्पा काळातील, म्हणजे सिंधू संस्कृतीच्या उतरत्या काळातील लोक राहून गेले होते. सिंधू लिपीची चिन्हे असलेल्या त्यांच्या मुद्रा येथे सापडल्या आहेत. बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा ही १९७४ मध्ये सापडलेली जडशीळ धातुशिल्पे याच गावची. ती नेमकी कोणत्या काळातली, यावर मात्र विद्वानांचे एकमत नाही. मोठी नागर संस्कृती मोडल्यावर तिच्या काठावर शेतकरी कसे जगले, हे पाहायचे तर दायमाबादइतकी सोयीची जागा महाराष्ट्रात दुसरी नाही.

ऱ्हासाची गोष्ट मात्र सांगावी ती इनामगावनेच. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या या पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेवर, पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात काम केले. सांकलिया, झै. दा. अन्सारी आणि म. के. ढवळीकर यांनी शंभराहून अधिक घरे आणि दोनशेहून अधिक दफने उजेडात आणली. गाव जेमतेम ५ हेक्टरांचे. पूर्व, म्हणजे सुरुवातीच्या जोर्वे काळात (इ.स.पू. १४००–१०००) घरे चौकोनी, ऐसपैस आणि बरीचशी ओळीत. एक घर पाच खोल्यांचे, शेजारी धान्याचे कोठार. ते गावप्रमुखाचे असावे, असा उत्खननकारांचा अंदाज. पाणी अडवायला आणि वळवायला बांध नि पाट होते. सातू हे मुख्य पीक, जोडीला गहू, मसूर, कुळीथ.

मेलेल्यांना लोक घराबाहेर नेत नसत. लहान मूल गेले की दोन करड्या मडक्यांची तोंडे एकमेकांना भिडवून त्यांत ठेवायचे आणि घराच्या जमिनीखालीच पुरायचे. मोठ्या माणसाला उत्तरेकडे डोके करून निजवीत, पण घोट्याखालची पावले तोडून. मृताने उठून चालू लागू नये म्हणून, असे म्हटले जाते. पटण्यासारखे आहे, तरी तर्कच.

इ.स.पू. १००० च्या सुमारास उत्तरेकडील बहुतेक वस्त्या ओस पडल्या. इनामगाव आणखी तीनेकशे वर्षे टिकले, पण निराळ्या अंगाने. चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. भांडी ओबडधोबड झाली, गहू कमी झाला, शिकार वाढली. जळलेले गाव नाही, कत्तलीची खूण नाही. उतरती कळा दिसते ती घराच्या आकारात. ढवळीकरांनी याचे कारण वाढत्या कोरडेपणात शोधले: पाऊस घटला, शेती परवडेना, लोक मेंढ्या-शेरडांमागे भटके झाले. नंतर सांगाड्यांचा, विशेषतः बालकांच्या हाडांचा आणि प्राचीन हवामानाचा नव्याने अभ्यास झाला, तेव्हा या मांडणीला आव्हान मिळाले. दुष्काळ एवढे एकच कारण पुरत नाही, हे आता मान्य करायला हवे. जमिनीचा कस आणि लोकांनी बदललेले आहाराचे मार्ग यांचाही विचार करावा लागतो.

दुष्काळाचा सिद्धान्त मराठी वाचकाला चटकन पटतो, यात नवल नाही. शिरूर-नगरचा हा पट्टा आजही पर्जन्यछायेचा. प्रवरेवर भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले आणि जोर्वे लोकांनी सातू पेरला त्या खोऱ्यात कालव्याचा ऊस उभा राहिला. जोर्वेकरांचे पाट नदीच्या पुरावर अवलंबून होते, आजचे कालव्याचे आवर्तन सह्याद्रीतल्या साठ्यावर. घाटमाथ्यावर पाऊस दगा देतो त्या वर्षी हा फरक फारसा उरत नाही.

इनामगाव इ.स.पू. ७०० च्या सुमारास उठले. त्यानंतर पश्चिम महाराष्ट्रात कित्येक शतके स्थिर शेतीच्या गावांचा मागमूस विरळ आहे. त्याच सुमारास विदर्भात लोखंड वापरणारे, शिळावर्तुळे उभारणारे लोक दिसतात. त्यांचा जोर्वे लोकांशी थेट संबंध जोडता येत नाही. ओस पडलेल्या पांढरी मात्र टेकाडे होऊन उरल्या. घराच्या धाब्यावर (मातीच्या सपाट छपरावर) आणि शेतात घालायला गावकरी पिढ्यान्‌पिढ्या त्यांची माती नेत आले, आणि पुष्कळ ठिकाणी जोर्वे खापरे पहिल्यांदा दिसली ती अशा खोदलेल्या कडांमध्येच.