क्राको: दरड 1963 ची, गाव संपलं 1980 ला, मधल्या सतरा वर्षांचं काय

दक्षिण इटलीतलं मातेरा शहर बघायला गेलेले बरेच जण हल्ली त्याच भागातल्या क्राको या जुन्या गावाकडेही गाडी वळवतात, रस्त्यावरूनच टेकडीचे फोटो काढतात आणि खाली 'दरडीमुळे ओस पडलेलं गाव' एवढं लिहून मोकळे होतात. ते खोटं नाहीये, पण दरड 1963 ची आणि गाव पूर्ण रिकामं झालं 1980 ला. ही मधली सतरा वर्षं कुणीच सांगत नाही, म्हणून हे लिहितोय.

फार जुनं थोडक्यात सांगतो. 1060 च्या एका कागदात या जमिनीचा उल्लेख आहे, ती तेव्हा त्रिकारिकोच्या बिशपच्या ताब्यात होती. वर जो चौकोनी बुरूज दिसतो तो नॉर्मन काळातला. सोळाव्या शतकात वस्ती अडीच हजारांच्या वर गेली होती, पुढे 1656 च्या प्लेगने बरीच माणसं नेली. 1861 मध्ये इटली एक झाल्यावर या भागात जी बंडखोरी पेटली त्यात हेही गाव सापडलं.

आता गाव टेकडीवर का, हे नीट समजून घ्यायला पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. बचावासाठी उंचावर राहायचे हे आहेच, पण खाली कावोने नदीच्या खोऱ्यात मलेरिया होता आणि उन्हाळ्यात तिथे झोपायचं म्हणजे जिवाशी खेळ. त्यामुळे घर वर, गव्हाची शेतं खाली, रोज पहाटे खेचर घेऊन उतरायचं आणि संध्याकाळी परत चढायचं. जमीन बहुतेकांची स्वतःची नव्हतीच, मोठ्या जमीनदारांची. मग पीक बुडालं की काय करणार, 1892 ते 1922 या तीस वर्षांत तेराशेहून जास्त लोक उत्तर अमेरिकेला निघून गेले. म्हणजे दरड यायच्या कितीतरी आधीपासून गावाला गळती लागली होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर दोन गोष्टी झाल्या. डीडीटी फवारून मलेरिया संपवला आणि 1950 च्या जमीन सुधारणा कायद्याने मोठ्या जमिनी तोडून शेतकऱ्यांना तुकडे वाटायला सुरुवात झाली. ज्या खोऱ्याच्या भीतीने लोक शतकानुशतकं वर राहिले तिथे आता राहता येत होतं आणि कामही तिथेच होतं. माझं म्हणणं असं की गावाचा ओढा खाली वळायला इथूनच सुरुवात झाली, दरडीने फक्त तारीख दिली.

आता वादाचा मुद्दा. टेकडीचा वरचा भाग टणक खडकाचा आहे पण त्याच्या खाली चिकणमाती, तीही अशी की पाणी मुरलं की सरकायला लागते. उतार हलतो हे लोकांना आधीपासून माहीत होतं, आधाराला भिंतीही बांधल्या गेल्या होत्या आणि त्या टिकल्या नव्हत्या. विसाव्या शतकात गावात नळ आले, सांडपाण्याच्या लाइन आल्या, जुन्या बुरुजाच्या पोटात पाण्याची टाकी केली गेली. हे पाणी गळून मातीत मुरत राहिलं आणि दरड त्यामुळे आली असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं सापडतं. पूर्ण दोष पाइपांवर टाकणं मला पटत नाही, कारण हालचाल त्याच्या आधीपासूनची आहे, पण अशा टेकडीवर गळक्या लाइन टाकणं म्हणजे धोका वाढवणंच होतं आणि ते करणाऱ्यांनी मातीचा विचार करायला हवा होता.

1963 ला गाव हलवायला सुरुवात झाली आणि लोकांना खोऱ्यात, क्राको पेस्किएरा नावाच्या नव्या वस्तीत नेलं. सरकलेला भाग मुख्यतः एका बाजूचा होता, वरच्या भागातली घरं उभी होती आणि काही माणसं तिथे राहतही होती. मग सगळंच गाव उठवायचं का? एक बाजू म्हणते, हो, कारण पुढची दरड कुठे येईल याची खात्री कोण देणार आणि माणसांचे जीव आधी. दुसरी बाजू म्हणते की पाणी नीट वळवून, उतार बांधून अर्धं गाव तरी वाचलं असतं. मला दुसऱ्या बाजूचं जास्त पटतं, निदान तसा मनापासून प्रयत्न तरी व्हायला हवा होता, कारण एकदा शेजारी आणि दुकान खाली गेलं की वर उरलेल्या दोन-चार घरांना राहणं अशक्यच होतं. पण तेव्हा अंगणात भेग पडलेल्या माणसाला आज आपण हे सांगणं सोपं आहे, तेही खरं. 1972 च्या पुराने हालत अजून बिघडली आणि परत वस्ती करायची उरलीसुरली शक्यता गेली, आणि नोव्हेंबर 1980 च्या मोठ्या भूकंपानंतर वर कुणीच राहिलं नाही.

त्यानंतरचं बहुतेकांना माहीत असतं. सिनेमावाले आले, 2004 च्या एका हॉलिवूडपटात आणि एका बॉन्डपटात हे गाव दिसतं. 2010 ला जगभरातल्या धोक्यातल्या वारसास्थळांच्या यादीत नाव लागलं. आता तिकीट काढून, हेल्मेट घालून, गाइडबरोबर ठरलेल्या वाटेनेच आत जाता येतं, आणि हे नियम योग्यच आहेत, छपरं खरोखर पडतात.

मला खटकतं ते 'भुताचं गाव' हे लेबल. क्राको नावाची नगरपालिका आजही आहे, तिचं ऑफिस खाली पेस्किएरात आहे, लोकसंख्या सातशेच्या आत. संत विन्चेन्झोचा ऑक्टोबरमधला उत्सव गावाने सोडलेला नाही, आणि न्यूयॉर्कला गेलेल्यांनी तो तिकडेही नेला. पेस्किएरा दिसायला साधं, सरळ रस्त्यांचं, तिथे फोटो काढण्यासारखं फारसं नाही, त्यामुळे टूरवाले तिथे थांबत नाहीत. तुम्ही गेलात तर थांबा, कॉफी घ्या, साठी-सत्तरी ओलांडलेलं कुणी भेटलं आणि भाषेची अडचण नसली तर कुठलं घर त्यांचं होतं ते विचारा. वरच्या टूरमध्ये बुरूज आणि चर्चबद्दल भरपूर ऐकायला मिळतं, पण 1963 ते 1980 मध्ये काय झालं ते याच लोकांनी पाहिलंय.