कोणाला विचारायचे? सामाजिक पाहणीतील नमुन्याची पार्श्वभूमी

समाजशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकात संशोधन पद्धतींचे प्रकरण आले की नमुना निवडीचे, म्हणजे सगळ्यांऐवजी थोड्यांना विचारण्यासाठी ते थोडे कसे निवडायचे याचे, प्रकार ओळीने मांडलेले असतात: साधा यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारखा), पद्धतशीर, स्तरित, गुच्छ, कोटा, सोयीचा. विद्यार्थी व्याख्या पाठ करतात आणि प्रत्यक्ष पाहणीला निघाले की पहिला प्रश्न विचारतात, ‘किती जणांच्या मुलाखती घेऊ?’ खुद्द समाजशास्त्र या प्रश्नापाशी बरेच उशिरा आले. त्याआधी त्याला जास्त अवघड प्रश्नाशी झगडावे लागले: विचारायचे कोणाला, आणि त्याला निवडायचे कोणी?

सुरुवातीला माणसांना विचारण्याची गरजच फारशी कोणाला वाटत नव्हती. बेल्जियमचा खगोलशास्त्रज्ञ अडॉल्फ केटले याने 1835 मध्ये जन्म, मृत्यू, विवाह, गुन्हे यांच्या सरकारी नोंदींतून ‘सरासरी माणूस’ उभा केला. माणसे बदलतात, पण गुन्ह्यांचा वार्षिक आकडा फारसा हलत नाही, या गोष्टीने त्याला भारून टाकले होते. आपल्या अभ्यासाला त्याने ‘सामाजिक भौतिकी’ म्हटले. फ्रेंच विचारवंत ऑग्यूस्त कॉम्तही हेच नाव वापरत होता. ते केटलेने उचललेले पाहून कॉम्तने 1830च्या दशकाच्या अखेरीस ‘सोशिऑलॉजी’ हा नवा शब्द घडवला.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीमचा 1897 मधील आत्महत्येचा अभ्यासही नोंदींवरच उभा आहे. त्याचा भाचा मार्सेल मोस याने सुमारे 26,000 प्रकरणांची कागदपत्रे वय, लिंग, वैवाहिक स्थिती, मुलेबाळे यांनुसार वेगळी काढली. कॉम्प्युटर सोडाच, पंचकार्डही हाताशी नसताना केलेले हे काम आहे. दुर्खीमची मांडणी मोठी आहेच, पण त्याच्या पुराव्यात एक खाच राहिली. प्रॉटेस्टंटबहुल प्रांतांत आत्महत्येचे प्रमाण जास्त दिसते, एवढ्यावरून तिथे आत्महत्या करणारे प्रॉटेस्टंटच होते असे सिद्ध होत नाही. ही खाच आकड्यांत दाखवली विल्यम रॉबिन्सनने, 1950 मध्ये. अमेरिकेच्या 1930च्या जनगणनेत राज्यांची तुलना केली तर परदेशात जन्मलेल्यांचे प्रमाण आणि निरक्षरता यांचा सहसंबंध उणे 0.53 येत होता. म्हणजे परदेशी जास्त तिथे निरक्षर कमी. एकेका व्यक्तीच्या पातळीवर तोच सहसंबंध अधिक 0.12 निघाला. कारण साधे होते. बाहेरून आलेली माणसे जिथे साक्षरता आधीच जास्त होती अशा राज्यांत जाऊन राहत होती. समूहाच्या आकड्यावरून व्यक्तीबद्दल बोलू नये, हा नियम तेव्हापासून प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे.

मजुरांची चौकशी, मालकांकडे

नोंदींत जे नाही ते विचारूनच कळणार होते. पण पहिल्या पिढीने विचारले ते बहुधा भलत्यालाच. 1890च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत एल्ब नदीच्या पूर्वेकडच्या शेतमजुरांची मोठी पाहणी झाली. तिचे विश्लेषण तरुण मॅक्स वेबरने केले. प्रश्नावल्या गेल्या होत्या जमीनदारांकडे. मजुराला काय मिळते, तो काय खातो, गाव का सोडतो, हे सगळे त्याच्या मालकाने लिहून दिले. ही उणीव खुद्द वेबरला खटकत होती. पाउल गोरे या धर्मोपदेशकासोबत त्याने लगेच दुसरी पाहणी हाती घेतली आणि प्रश्नावल्या गावोगावच्या पाद्र्यांकडे धाडल्या. माहिती देणारा बदलला, मजूर मात्र याही वेळी बाहेरच राहिला.

मजुरांना थेट विचारण्याचा प्रयत्न त्याआधी कार्ल मार्क्सने केला होता. 1880 मध्ये त्याने फ्रान्समधल्या कामगारांसाठी शंभराच्या आसपास प्रश्नांची यादी तयार केली आणि ती हजारोंच्या संख्येने वाटली गेली. हाती फारच थोडी उत्तरे आली. दिवसभर राबलेल्या माणसाने शंभर प्रश्नांची उत्तरे लेखी द्यायची, तीही स्वतःच्या वेळात, ही अपेक्षाच अवास्तव होती. प्रश्नावलीची लांबी आणि प्रतिसाद यांचे नाते आजही तसेच आहे.

लंडनमध्ये चार्ल्स बूथने 1886 पासून गरिबीची पाहणी सुरू केली आणि ती 17 खंडांपर्यंत वाढली. रस्त्यारस्त्याला रंग देऊन त्याने नकाशे काढले: काळा सर्वांत तळच्या वस्तीला, पिवळा सर्वांत श्रीमंत. शहरातले 30.7 टक्के लोक गरिबीत आहेत हा त्याचा निष्कर्ष गाजला. पण त्याची बहुतांश माहिती शाळांच्या हजेरीसाठी घरोघर फिरणाऱ्या निरीक्षकांकडून आली होती. शाळकरी मुले असलेली घरे या निरीक्षकांना नीट ठाऊक होती. ज्या घरात मूल नाही, त्याचे काय? अशा घरांचा आकडा बूथला मुले असलेल्या घरांवरून अंदाजाने बसवावा लागला. एकटे म्हातारे, बिनलग्नाचे मजूर हे त्या चौकटीत मावत नव्हते. नमुना चौकट म्हणजे ज्या यादीतून माणसे निवडायची ती यादी; ती समजावून देताना मला याहून चांगले उदाहरण सापडलेले नाही. यादी कशासाठी तयार झाली होती, त्यावर तिच्यातून कोण गळणार ते ठरते.

अमेरिकेतील फिलाडेल्फियात 1896-97 साली कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी सातव्या वॉर्डातल्या कृष्णवर्णीयांच्या दारोदार स्वतः जाऊन अनुसूची, म्हणजे पाहणी करणाऱ्याने विचारून भरायचे प्रश्नांचे तक्ते, भरल्या. पाठ्यपुस्तकांच्या इतिहासात त्यांचे नाव दीर्घकाळ तळटीपेतही नव्हते. त्या काळी असे शिस्तबद्ध काम करणारे फार थोडे होते, म्हणून ही उपेक्षा जास्त बोचते.

सगळ्यांना विचारण्याचा ध्यास

सीबोम राउंट्रीने 1899 मध्ये यॉर्क शहरात एकही कामकरी घर न सोडण्याचे ठरवले. ‘कामकरी’ची त्याची खूण सोपी होती: ज्या घरात नोकर नाही ते घर. अशी 11,560 कुटुंबे, 46,754 माणसे. आईवडील आणि तीन मुले यांना केवळ शरीर धड ठेवायला आठवड्याला 21 शिलिंग 8 पेन्स लागतात असा हिशेब त्याने मांडला. त्यात वर्तमानपत्र, टपालाचे तिकीट, ट्रामचे भाडे यांपैकी काहीच धरले नव्हते. या रेषेखाली, म्हणजे प्राथमिक दारिद्र्यात, शहराच्या लोकसंख्येपैकी 9.91 टक्के माणसे निघाली. त्यांखेरीज 17.93 टक्के लोक दुय्यम दारिद्र्यात, म्हणजे मिळकत रेषेपुरती असूनही तिचा काही भाग इतरत्र खर्च झाल्याने गरिबीत, असल्याचे त्याने म्हटले. एकूण 27.84.

दशांश चिन्हानंतरचे दोन आकडे पाहून भरवसा वाटतो. पण दुय्यम दारिद्र्याचा आकडा वजाबाकीने आलेला आहे. घराची अवकळा, मुलांचे चेहरे, शेजाऱ्यांचे बोलणे यांवरून पाहणी करणाऱ्याने घर गरीब ठरवायचे आणि एकूण गरिबांतून प्राथमिक दारिद्र्यातले वजा करायचे. सगळी घरे गाठली तरी मोजणीतला हा सैलपणा जात नाही. नमुन्यामुळे होणारी चूक आणि मोजमापातली चूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि संपूर्ण गणनेने फक्त पहिली टळते.

थोड्यांवरून सगळ्यांबद्दल बोलण्याची कल्पना याच सुमारास नॉर्वेतून आली. तिथल्या सांख्यिकी कार्यालयाचे प्रमुख अँडर्स केअर यांनी 1895 मध्ये बर्न येथे आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेत ‘प्रातिनिधिक पद्धत’ मांडली. जर्मनीच्या गेओर्ग फॉन मायर यांनी कडाडून विरोध केला. जिथे प्रत्यक्ष पाहता येते तिथे हिशेबाने काम भागवू नये, असा त्यांचा सूर होता. केअर यांची खरी अडचण निराळीच होती. नमुना देशासारखा दिसावा म्हणून ते जिल्हे, शहरे, वयोगट विचारपूर्वक निवडत. पण आपला अंदाज किती चुकू शकतो हे सांगण्याचे साधन त्यांच्याकडे नव्हते.

ते साधन ब्रिटिश सांख्यिकीतज्ज्ञ आर्थर बाउलीने वापरात आणले. 1912 मध्ये इंग्लंडमधील रेडिंग शहरात त्याने यादीतून ठरावीक अंतराने, साधारण वीसात एक, अशी कामकऱ्यांची घरे निवडली आणि निष्कर्षासोबत संभाव्य चूकही छापली. आजच्या पद्धतशीर निवडीचे हेच रूप. 1,200 घरांच्या यादीतून 60 घरे हवी असतील तर अंतर 20. आता 1 ते 20 मधला एक आकडा चिठ्ठीने काढायचा. 7 निघाला तर 7, 27, 47 अशी घरे घ्यायची. सोय म्हणून 1 पासूनच सुरुवात केली की निवड यादृच्छिक राहत नाही. यादीतच लय असेल तर आणखी घोटाळा होतो. प्रत्येक मजल्यावर चार घरे असतील आणि अंतर चारच्या पटीत असेल, तर सगळी घरे एकाच कोपऱ्यातली येतील. अशा वेळी अंतर 19 किंवा 21 करावे, किंवा यादी आधी विस्कटून घ्यावी.

राउंट्रीला नमुन्याचा विश्वास नव्हता. 1936 मध्ये त्याने यॉर्कची पुन्हा पाहणी केली तीही घर न् घर फिरून. सगळ्या अनुसूची जमल्यावर मात्र त्यांतूनच वेगवेगळ्या आकाराचे नमुने काढून त्याने पूर्ण गणनेशी ताडून पाहिले. आपल्याला न पटणाऱ्या पद्धतीची त्याने इतक्या प्रामाणिकपणे परीक्षा घेतली, हे मला फार मोलाचे वाटते.

विचारपूर्वक निवडावे की चिठ्ठ्या टाकाव्यात, हा वाद मिटायला इटलीतली एक फसगत कारणी लागली. 1921च्या जनगणनेचे कागद नष्ट करण्यापूर्वी त्यांतला काही भाग जपून ठेवायचा होता. कोर्रादो जिनी आणि लुइजी गाल्वानी यांनी 214 जिल्ह्यांतून 29 निवडले. सात वैशिष्ट्यांची सरासरी देशाच्या सरासरीशी जुळेल, अशी काळजी घेतली. ती सात जुळली. पण बाकीची वैशिष्ट्ये पाहू जाता नमुना देशापासून दूर पडलेला दिसला. सांख्यिकीतज्ज्ञ येर्झी नेमन यांनी 1934 मध्ये लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीसमोर हेच उदाहरण घेऊन दाखवले की निवड माणसाच्या हातून काढून संधीच्या हाती दिली तरच किती चूक होऊ शकते याचा अंदाज गणिताने बांधता येतो. आधी स्तर पाडा, मग प्रत्येक स्तरात यादृच्छिक निवड करा, हा स्तरित नमुन्याचा पाया तिथेच पक्का झाला.

एक कोटी मतपत्रिका

दोन वर्षांनी लोकांनाही हे कळले. अमेरिकेतील ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाने 1936च्या अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी सुमारे 1 कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. पत्ते मुख्यतः टेलिफोनधारक आणि मोटारमालक यांच्या याद्यांतले होते. 23 लाखांहून अधिक उत्तरे आली. त्यांनुसार रिपब्लिकन उमेदवार लँडन 57 टक्के मते घेऊन जिंकणार होते. प्रत्यक्षात तेव्हाचे अध्यक्ष रूझवेल्ट 60 टक्क्यांहून जास्त मते घेऊन निवडून आले आणि लँडन यांना दोनच राज्ये मिळाली. मंदीच्या काळात फोन आणि मोटार कोणाकडे होती, हे स्पष्टीकरण सगळीकडे दिले जाते. ते अर्धे आहे. ज्यांना पत्रिका मिळाली त्यांतल्याही चारपैकी तिघांनी ती परत पाठवली नाही, आणि परत पाठवणारे रूझवेल्टवर नाराज असलेले जास्त होते. चौकटीतला दोष आणि प्रतिसादातला दोष असे दोन्ही एकाच दिशेने ओढत होते.

जनमत चाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलपने कितीतरी लहान नमुन्यावर रूझवेल्टचा विजय बरोबर सांगितला. पण त्याचा नमुना कोट्याचा होता: इतक्या स्त्रिया, इतके पुरुष, इतके कमी उत्पन्नाचे, आणि त्या मर्यादेत मुलाखतकाराने हवे ते लोक गाठायचे. मुलाखतकार साहजिकच बोलक्या, नीटनेटक्या, सहज भेटणाऱ्या माणसांकडे वळतो. 1948च्या अध्यक्षीय निवडणुकीत हे अंगाशी आले. ड्यूई जिंकणार असे गॅलपसह सगळ्या मोठ्या संस्थांनी सांगितले आणि ट्रूमन जिंकले. मतदानाच्या बरेच दिवस आधी मुलाखती थांबवल्या, हेही एक कारण होते. त्यानंतर गंभीर सामाजिक पाहण्या संभाव्यता नमुन्याकडे, म्हणजे निवड संधीवर सोपवणाऱ्या नमुन्याकडे, वळल्या.

किती जणांना विचारायचे, याचे उत्तर इथवर आल्यावर सोपे होते. साध्या यादृच्छिक नमुन्यात 400 जण घेतले तर टक्केवारीत साधारण 5 अंकांची चूक धरावी लागते, 1,600 घेतले तर अडीच. चूक निम्मी करायची तर नमुना चौपट. हा हिशेब यादृच्छिक निवडीपुरताच खरा असतो. डायजेस्टच्या 23 लाख उत्तरांना तो लावला तर चूक 0.1 टक्क्याहूनही कमी येईल. प्रत्यक्षात तिचा आकडा जवळजवळ 20 टक्क्यांनी चुकला होता.

दारापर्यंत पोचल्यावर

घर चिठ्ठीने निवडले, पण घरात विचारायचे कोणाला? दार उघडेल त्याला विचारले तर दिवसा घरी असणाऱ्यांचाच भरणा होतो. लेस्ली किश यांनी 1949 मध्ये यावर तक्ता सुचवला. घरातल्या प्रौढांची यादी करायची, आधी पुरुष मोठ्यापासून लहानापर्यंत, मग स्त्रिया तशाच, आणि क्रमांक द्यायचे. त्या अर्जावर आधीच छापलेला तक्ता सांगतो की चार प्रौढ असतील तर कितव्याला विचारायचे. तो बाहेर असेल तर पुन्हा यायचे. शेजारच्या घरावर किंवा घरातल्या दुसऱ्यावर भागवायचे नाही, कारण न भेटणारी माणसे भेटणाऱ्यांसारखी नसतात. शेवटी भारांकनही लागते. एकट्या राहणाऱ्याची घरातून निवड होण्याची शक्यता 1 असते, चौघांतल्या एकाची पाव. म्हणून चौघांतून निवडलेल्याचे उत्तर चारदा मोजायचे.

योग्य दारी जाऊनही उत्तर कोणाचे, हा पेच उरतोच. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रिचर्ड लापियर 1930 ते 1932 या काळात एका चिनी जोडप्यासोबत अमेरिकाभर फिरले. त्या वेळी चिनी लोकांबद्दल उघड द्वेष होता. तरीही 251 हॉटेले आणि उपाहारगृहांपैकी एकाच ठिकाणी त्यांना नकार मिळाला. सहा महिन्यांनी त्याच ठिकाणांना पत्राने विचारले, ‘चिनी ग्राहक घ्याल का?’ उत्तर देणाऱ्यांपैकी 90 टक्क्यांहून अधिक ‘नाही’ म्हणाले. 1934चा हा लेख वृत्ती आणि वर्तन यांतला फरक म्हणून शिकवला जातो. पण काउंटरवर पाहुण्यांना खोली देणारा आणि कार्यालयात बसून पत्राला उत्तर लिहिणारा एकच माणूस होता की नाही, हे त्या अभ्यासातून कळत नाही. तुलना माणसाची त्याच माणसाशी झाली, असे म्हणायला तिथे आधार नाही.

आज दुव्यावर टिचकी मारून भरायच्या अर्जांत डायजेस्टचीच रचना परत आली आहे: यादी माहीत नाही, आणि उत्तर द्यायचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवायचे. अशा पाहणीचा अहवाल हाती आला की एकूण उत्तरांच्या आकड्याआधी चार गोष्टी शोधाव्यात. यादी कुठली होती, तिच्यातून किती जण निवडले, त्यांतले किती भेटले आणि किती जणांनी नकार दिला.