स्वेश्निकोव्ह पद्धत स्वेश्निकोव्ह यांनी शोधली?

सिसिलियन बचावातली (पांढऱ्याच्या ई४ला काळ्याने सी५ने उत्तर देण्याच्या सुरुवातीतली) ही पद्धत सोव्हिएत बुद्धिबळपटू येव्हगेनी स्वेश्निकोव्ह यांनीच शोधली, असं बुद्धिबळ शिकणाऱ्यांना वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते खरं नाही. १९१० मध्ये जगज्जेतेपदाच्या लढतीत श्लेख्टरविरुद्ध तेव्हाचे जगज्जेते इमॅन्युएल लास्कर ती खेळले होते. १९५०च्या दशकात अर्जेंटिनाचे बुद्धिबळपटू पेलिकान यांनी ती पुन्हा पटावर आणली.

मग नाव स्वेश्निकोव्ह यांचं का? पाचव्या खेळीला काळा ई५वर प्यादं सरकवतो आणि डी५ हे घर उघडं पडतं. पांढऱ्याचा घोडा तिथे बसला की त्याला हुसकायला काळ्याकडे एकही प्यादं उरत नाही. डी६वरचं प्यादंही मागे अडकलेलं. म्हणून जाणकार ही पद्धत सदोष मानत. रशियातल्या चेल्याबिन्स्क शहराच्या स्वेश्निकोव्ह यांनी १९७०च्या दशकात, त्याच शहरातल्या गेनादी तिमोश्चेन्को यांच्या साथीने, बी५ आणि एफ५ अशी प्यादी रेटून काळ्याला किती जोर मिळतो हे डावामागून डाव खेळून दाखवलं. टीका होत असताना त्यांनी ती सोडली नाही. मला तरी ही चिकाटी शोधापेक्षा मोठी वाटते. रशियनमध्ये या पद्धतीला चेल्याबिन्स्कचंच नाव आहे. २०१८ मध्ये लंडनला कारुआनाविरुद्ध जगज्जेतेपद राखताना कार्लसन हीच पद्धत खेळले.